उलटं आलेलं हँडल

“एस्तू, बाहेर ये. पाहुणे यायची वेळ झाली आणि तू अजून गाडीच्या पोटात?”

मला पप्पांच्या बुटांची फक्त टोकं दिसत होती. ट्रकखाली गोणपाटावर उताणी पडून मी गिअरबॉक्सखालचं टपकणारं तेल पुसत होते. त्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी होती. सुबोध भांबळ आणि त्याची आई अकराला येणार होते, लग्नाचं पक्कं करायला.

“दोन मिनिटं, पप्पा.”

“आत्ता. साडी नेस. नखं घास रॉकेलने. मुलगी दाखवायची आहे, मेकॅनिक नाही.”

मी सरपटत बाहेर आले. कोपरापर्यंत काळी झाले होते. पप्पा हसले नाहीत. हात खिशात घालून ते बोनेटकडे बघत उभे होते.

भिंगारला छावणीच्या हद्दीला लागून आमचं पत्र्याचं घर होतं आणि घराच्या चौपट अंगण. सैन्याने मोडीत काढलेले तीन-चार ट्रक तिथे कायम उभे असत. खडीवाले, ऊसवाहतूकवाले डिस्पोजलच्या लिलावात ते घेत आणि चालते करून घ्यायला आमच्याकडे ओढून आणत. माझे वडील, हवालदार शांतवन पाटोळे, बावीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते. नगर जिल्ह्यात कुठेही जुनी लष्करी गाडी अडली की लोक त्यांचं नाव सांगत. मम्मी मी चौदाची असताना वारली. तेव्हापासून घर मी सांभाळत होते आणि हळूहळू अंगणही.

त्यात एक ट्रक पप्पांचा स्वतःचा होता. महायुद्धाच्या काळातला, पेट्रोलवर चालणारा, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेला. लिलावातून आणला तेव्हा नुसता सांगाडा होता. पाच वर्षं लागली उभा करायला. पुण्याच्या जुन्या बाजारातून एकेक तुकडा गोळा केला. लोक म्हणत, शांतवनने केला. खरं म्हणजे शेवटची तीन वर्षं तो मीच केला होता. निवृत्तीनंतर पप्पांचे हात थरथरायला लागले होते. आधी नुसती बोटं, मग मनगटापर्यंत. गिऱ्हाईक आलं की ते हात खिशात घालून हुकूम सोडत, आणि गिऱ्हाईक गेलं की पाना माझ्या हातात येई. बारीक स्क्रू, पॉइंटमधली फट, कार्बुरेटरमधली सुई, ही सगळी कामं माझी. हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मला त्याचं दुःखही नव्हतं. ते काम मला आवडायचं.

सुबोध नगरच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. चर्चच्या पत्रकाचा मजकूर द्यायला मी तिथे गेले होते, तेव्हा त्याला पहिल्यांदा पाहिलं. एका हातात पट्टी धरून दुसऱ्या हाताने खणांमधले शिशाचे खिळे तो न बघता उचलायचा, चिमणी दाणे टिपते तसा. माझ्या नखांतली काळी रेघ बघून त्याने स्वतःची बोटं पुढे केली. त्याची नखंही तशीच होती, शाईने. “तुमचं ग्रीस निघतं का?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “नाही.” “आमचीही शाई निघत नाही,” तो म्हणाला. एवढंच बोलणं झालं. पुढच्या महिन्यात त्याच्या आईने निरोप धाडला.

पप्पा नाही म्हणाले नाहीत. हो म्हणाले असंही नाही. दोनदा त्याला घरी बोलावलं, चहा पाजला, लष्करातल्या गोष्टी सांगितल्या. ही तिसरी खेप.

मी मोरीत नखं घासत होते. मोरीच्या झरोक्यातून अंगण दिसायचं. पप्पा बोनेट उघडून वाकले होते. पाहुण्यांसाठी इंजिन पुसत असतील, असं मला वाटलं. त्या ट्रकचा त्यांना फार गर्व होता.

बरोबर अकराला सायकलची घंटा वाजली. पुढे सुबोध, कॅरिअरवर त्याची आई सगुणाबाई, मांडीवर पेढ्यांचा पुडा.

“सलाम, हवालदार साहेब.”

“सलाम, सलाम. या बाई. उन्हात आलात.”

सगुणाबाई विधवा होत्या. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून उभं आयुष्य गेलेलं. मी चहा दिला तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “कामाचा हात आहे. मला असाच हवा.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पप्पा कप बशीतच ठेवून बसले होते. चारचौघांत ते चहा पीत नसत.

सुबोध जरा घुटमळत म्हणाला, “एक सांगायचं होतं, काका. मला सोलापूरच्या छापखान्यातून बोलावणं आलंय. फोरमन म्हणून. जानेवारीपासून. राहायला दोन खोल्या देतात.”

“सोलापूर,” पप्पा म्हणाले.

“लांब नाही. सकाळी निघालं की दुपारी इथे.”

“एस्तूला माहीत आहे?”

मला माहीत होतं. मी मान हलवली. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. गाडी घ्यायची की भंगारात घालायची हे ठरवताना ते तिच्याभोवती एक चक्कर मारत, तशी ती नजर होती.

मग ते एकदम मोकळेपणाने हसले. “चला जावईबापू! आमची गाडी चालू झालेली पाहिली नाहीत तुम्ही. या.”

आम्ही सगळे अंगणात आलो. पप्पांनी ट्रकच्या नाकावर थाप मारली. “याला सेल्फ-बिल्फ काही नाही, हँडलच मारावं लागतं. आमच्या युनिटमध्ये नवा जवान आला की पहिल्या दिवशी त्याला हेच काम. ज्याच्या हातून इंजिन उठलं तो आपला. मारता?”

“मी कधी मारलं नाही, काका.”

“पोरगी नेणार माझी, तर हात तरी बघू द्या. चालू झाली तर येत्या रविवारी फादरना सांगून चर्चमध्ये लग्नाची नावं पुकारून टाकू.”

सगुणाबाई म्हणाल्या, “अहो, कशाला ते? नव्या शर्टाला डाग पडेल.” सुबोध मात्र बाह्या सरसावत होता. त्याला वाटलं, हा सासऱ्याचा लाड आहे. मलाही तसंच वाटलं.

पप्पा केबिनमध्ये चढले. “स्विच मी देतो. तुम्ही खालून वर ओढा, जोर लावून.”

सुबोधने हँडल पुढच्या भोकात घातलं आणि मूठ आवळली. चार बोटं एका बाजूने, अंगठा दुसऱ्या बाजूने. कुणीही दांडा धरतं तसा. लष्करी गाडीचं हँडल तसं कधी धरायचं नसतं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. म्हणजे हँडल उलटं आलं तर ते हातातून निसटतं. अंगठा आवळलेला असला की ते हात घेऊन जातं. पप्पांनी मला हे नवव्या वर्षी शिकवलं होतं, बोटांवर पट्टी मारून.

“अंगठा—” मी म्हटलं.

“तू गप्प!” पप्पा काचेमागून ओरडले. “आतापासून नवऱ्याला शिकवायला लागलीस?”

सगुणाबाई हसल्या. सुबोधही हसला, माझ्याकडे बघून. मी गप्प बसले. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चुकलेली असली तरच हँडल उलटं येतं, आणि टायमिंग आदल्या संध्याकाळी मीच लावलं होतं. दोनदा अर्ध्या फेऱ्यात इंजिन उठलं होतं. काही होणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

त्याने श्वास घेतला आणि ओढलं.

आवाज फटाक्यासारखा नव्हता. ओलं लाकूड मोडावं तसा होता. हँडल उलटं फिरलं, सुबोध गुडघ्यांवर आला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला. मनगट भलत्याच ठिकाणी वाकलं होतं. ओरडला तो नाही, त्याची आई ओरडली.

पप्पा सावकाश उतरले. जवळ येऊन वाकून पाहिलं.

“टायमिंग कुणी लावलं होतं?” त्यांनी विचारलं.

मग माझ्याकडे वळले.

“एस्तू. काल टायमिंग तू लावलंस ना?”

“हो, पण—”

“हो की नाही?”

“हो.”

पप्पा सगुणाबाईंकडे वळले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, “माफ करा, बाई. माझंच चुकलं. पोरीच्या जातीला गाडीला हात लावू दिला.”

सगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दहा मिनिटांपूर्वी माझा हात हातात घेऊन बसलेल्या त्या बाईची ती नजर मला अजून दिसते.

पप्पांनीच रिक्षा आणली, पप्पाच त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. सुबोध रिक्षात दातांत ओठ धरून बसला होता.

अंगणात मी एकटी उरले. बोनेट उघडलं. आदल्या दिवशी टायमिंग लावल्यावर मी छिन्नीने दोन बारीक खुणा केल्या होत्या. एक ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या भांड्यावर, एक त्याखाली इंजिनच्या अंगावर. समोरासमोर, एका रेषेत. आता त्या दोन खुणांमध्ये बोटभर अंतर होतं. खालच्या बोल्टच्या कडेवर पान्याचा ताजा, चकचकीत ओरखडा होता. पाना एकदा घसरला होता, मग पुन्हा लावला होता.

एक बोल्ट सैल करायचा आणि भांडं बोटभर फिरवायचं, की टायमिंग गेलं. एवढ्याला थरथरता हातही पुरतो.

 दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हटलं, “डिस्ट्रिब्युटर फिरवलेला आहे.”

“कुणी?”

“घरात आपण दोघंच राहतो, पप्पा.”

पप्पांनी दोन्ही हातांनी पेला धरला. तरी चहा हिंदकळून त्यांच्या मांडीवर सांडला. मी पुसायला पुढे झाले नाही.

“मनगटच मोडलंय,” ते म्हणाले. “मान नाही मोडली. सहा आठवड्यांत जुळेल.”

“तो हाताने खिळे जुळवतो.”

“आणि मी?” त्यांनी पेला खाली आपटला. “मी कशाने काय करतो? मला पॉइंटची फट दिसत नाही. नट हातातून पडला तर शोधता येत नाही. तू सोलापूरला गेलीस की आठवड्यात सगळ्या भिंगारला कळेल, शांतवन संपला म्हणून. मग मी काय करायचं? चर्चच्या पायरीवर बसायचं?”

“मला सांगायचं होतं. आम्ही इथेच राहिलो असतो.”

“तो राहिला असता?” पप्पा म्हणाले. “फोरमनकी सोडून? बापाचा पाना धरायला?”

 ते उठले आणि अंगणात गेले. जरा वेळाने नेहमीच्या आवाजात हाक आली, “एस्तू, तेरा-चौदाचा पाना आण.” मी नेऊन दिला.

नोव्हेंबरच्या मध्यावर सुबोध आला, एकटाच. सायकल चालवत नाही, हाताने धरून चालत. प्लास्टर निघालं होतं. हाड वाकडं जुळलं होतं, अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकत नव्हतं. सोलापूरचं बोलावणं परत गेलं होतं. इथल्या छापखान्यात त्याला खिळ्यांवरून काढून कागद मोजायला बसवलं होतं.

पप्पा बाजेवर बसले होते. उठले नाहीत. मी दारात उभी होते.

“एस्तर,” तो म्हणाला. पहिल्यांदाच नावाने. “आई म्हणते, तू मुद्दाम केलंस. लग्न नको होतं म्हणून. मला ते पटत नाही. मला एवढंच सांग, त्या दिवशीचं टायमिंग तुझं होतं का?”

पप्पांनी मान वर केली. मोडीत काढलेल्या त्या चार गाड्यांच्या मधोमध बसलेला तो म्हातारा, मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट आवळून धरलेला. मी खरं सांगितलं असतं तर सुबोधने मला त्याच पावली नेलं असतं. आणि पुढे जन्मभर, त्याला शर्टाचं बटण लावता आलं नाही की मी ज्याची मुलगी तो माणूस आमच्या दोघांच्या मधे येऊन उभा राहिला असता. तेव्हा मी एवढा विचार केला होता का? नाही. हे सगळं नंतर जुळवलेलं आहे. तेव्हा मला फक्त बापाची भीती वाटली आणि बापाची कीव आली, दोन्ही एकदम.

“हो,” मी म्हटलं. “माझंच होतं.”

तो म्हणाला, “तू ‘अंगठा’ म्हणालीस. मी ऐकलं होतं. पुढचं का नाही बोललीस?”

 त्याने डाव्या हाताने सायकल वळवली आणि गेला.

पप्पा बाजेवरून म्हणाले, “शहाणी आहेस.” आणि मग, “पोरी, जेवायला वाढ.”

त्या जेवणानंतर मी अंगणात गेले. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरपर्यंत एक जाड काळी वायर जाते. इंजिनातली सगळी ठिणगी तिच्यातून येते. मी ती काढली, आतली तांब्याची तार पकडीने ओढून बाहेर काढली आणि नुसती रबराची नळी, दोन्ही टोकं लावून, होती तशी बसवली. बाहेरून पाहिलं तर वायर शाबूत.

जानेवारीत युनिटच्या जुन्या लोकांचं संमेलन होतं. यंदा तिथे आपला ट्रक चालवत न्यायचा, असं पप्पांनी सगळ्यांना पत्रं टाकून कळवलं होतं. डिसेंबरात त्यांनी गाडी काढायला सांगितली. मी हँडल मारलं. इंजिन फिरलं, पण उठलं नाही.

“स्पार्क बघ,” पप्पा म्हणाले.

मी वायरचं टोक इंजिनाजवळ धरलं, त्यांनी एका खांद्याने रेटत हँडल फिरवलं. भर उन्हात त्यांच्या डोळ्यांना ठिणगी दिसणं शक्य नव्हतं. वर्कशॉपच्या घणांनी कानही मंद झाले होते, ठिणगीचा बारीक आवाज त्यांना ऐकू येत नसे.

“आहे?”

“आहे.”

“पेट्रोल येतंय?”

“येतंय.”

“मग उठत का नाही?”

“माहीत नाही, पप्पा.”

संमेलनाच्या सकाळी त्यांचे चार जुने सोबती जीप घेऊन त्यांना न्यायला आले. पप्पा कोट घालून, पदकं लावून ट्रकशेजारी उभे होते. सगळ्यांनी आळीपाळीने हँडल मारलं. एक सुभेदार बोनेटमध्ये हात घालायला लागला. पण पप्पांनीच त्याचा हात धरला. “माझ्या गाडीला दुसऱ्याने हात लावायचा नाही.”

“मग ठेव शेळ्या बांधायला,” सुभेदार म्हणाला. सगळे हसले. पप्पाही हसले. मग जीपमध्ये मागे बसून गेले. दुपारीच परत आले आणि कोटासकट बाजेवर आडवे झाले.

त्यानंतर ते रोज त्या ट्रकला लागले. बाकीच्या गाड्या मी करायची, चालत्या होऊन फाटकाबाहेर जायच्या. हा एक उभा. कार्बुरेटर पन्नासदा उघडला. टाकी धुतली. हेड उतरवलं, पुन्हा चढवलं. नट हातातून पडले की मी उचलून द्यायची. पाना घसरून बोटं सोलवटली की मी आयोडीन लावायची. ते माझ्यावर ओरडत नसत आता. कधी कधी स्वतःशीच पुटपुटत, “बावीस वर्षं. बावीस वर्षं, आणि एक साधं इंजिन कळत नाही.” मी शेजारी उभी राहून ऐकायची. मला बरं वाटायचं. हे कबूल करायला मला तीस वर्षं लागली.

शेजारच्या आयाबाया म्हणत, शांतवनची लेक म्हणजे सोनं आहे. बापासाठी लग्न केलं नाही.

चौथ्या वर्षी, ईस्टरआधीच्या पाम संडेनंतरची एक सकाळ. नेहमीसारखं मी टोक धरलं, त्यांनी हँडल रेटलं.

“एस्तू,” ते म्हणाले, “स्पार्क नाहीये ना?”

आजवर त्यांनी असं विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे.

“आहे, पप्पा.”

त्यांनी माझ्या हातातून ती वायर घेतली. दुसरी कुठली नाही, तीच. खिशातून फडकं काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पुसली. पोकळ रबर त्यांच्या थरथरत्या बोटांत कुठेही दुमडत होतं, आत तार असलेली वायर तशी दुमडत नाही. त्यांना ते कळलं. बावीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला ते न कळणं शक्य नव्हतं. पुसून झाल्यावर त्यांनी ती स्वतःच्या हाताने, दोनदा चुकून, परत जागेवर बसवली.

“मग माझ्याच डोक्यात काही बिघडलं असेल,” ते म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंगणात आले. “स्पार्क?” “आहे.” मग बाजेवर जाऊन बसले.

असं आणखी दोन वर्षं. त्यांनी माफी मागितली नाही, मी दिली नाही. शेवटच्या पंधरवड्यात त्यांची जीभ जड झाली. शेवटच्या सकाळी डॉक्टर म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. बोलवायला कुणी नव्हतं. पप्पांचे डोळे उघडे होते आणि हात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, पूर्ण स्थिर होते. ओठ हलले. आवाज आला नाही, पण शब्द मला ओळखू आला. रोजचाच होता.

मी वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

“आहे,” मी म्हटलं.

तेव्हासुद्धा मला ‘नाही’ म्हणता आलं असतं.